पाऊस कमी, तरी खड्डे कसे?

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण. मृगात आभाळ भरून येतं आणि तसंच पुढे सरकतं, जुलैचे कित्येक दिवस नुसत्या भुरभुरीवर जातात, आणि खरा पाऊस येतो तो सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. उरलेलं वर्ष कोरडं ठणठणीत. तरीही हद्दवाढ भागातून रोज दुचाकीवर कामाला जाणाऱ्या कुणालाही रस्त्याबद्दल विचारा, ‘रस्ता कुठाय बे, खड्ड्यातनं वाट काढायलाव’ असंच काहीतरी ऐकायला मिळेल.

कोकणातले रस्ते पावसाने उखडतात हे पटतं. इथं निम्मा पावसाळा ढगांची वाट बघण्यात जातो, मग रस्ते कशाने उखडतात? खड्डा पडायला पाऊस किती पडला याला फारशी किंमत नाही. पडलेलं पाणी रस्त्याच्या पोटात किती वेळ मुक्कामाला राहिलं, यावर सगळं ठरतं. आणि सोलापूरची काळी माती, इथलं ऊन, उसाच्या ट्रॉल्या आणि सतत खणले जाणारे चर यांनी मिळून त्या मुक्कामाची चोख व्यवस्था करून ठेवली आहे.

इंटरनेटवर खड्ड्यांची माहिती शोधली की बर्फाची गोष्ट वाचायला मिळते. भेगेतलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, रस्ता उचलला जातो, मग बर्फ वितळला की खाली पोकळी राहते आणि गाडीचं चाक त्यावरून गेलं की डांबर आत कोसळतं. थंड देशांसाठी हे अगदी बरोबर आहे. सोलापुरात ऐन पौषातही पारा शून्याच्या जवळपास फिरकत नाही. इथं फुगण्या-आकसण्याचं काम माती करते.

रस्त्याचे थर

वरून दिसणारा काळा थर म्हणजे रस्ता, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गल्लीबोळात तो सगळ्यात पातळ थर असतो. अगदी खाली मूळ जमीन, दाबून घेतलेली. तिच्यावर मुरमाचा किंवा खडीमिश्रित निचऱ्याचा थर. त्यावर खडीकरण, म्हणजे मोठ्या खडीचे थर, मधल्या फटी बारीक खडीने आणि कचेने भरून, पाणी मारून रोलरने बसवलेले. आणि सर्वांत वर डांबरीकरण. वसाहतींतल्या रस्त्यांवर ते दोन-तीन सेंटिमीटरचं कारपेट असतं, महामार्गांवर दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातं.

ही सगळी उतरंड भार पसरवण्यासाठी रचलेली असते. भरलेल्या मालट्रकच्या टायरखाली दर चौरस सेंटिमीटरला साधारण ८ किलोचा दाब असतो. ओल्या मातीला तो अजिबात झेपणार नाही. प्रत्येक थर तो दाब थोड्या जास्त जागेवर वाटून खाली देतो, आणि मातीपर्यंत पोचेपर्यंत तो तिला सोसेल इतकाच उरतो. हे काम मुख्यतः खडी करते, दगडाला दगड टेकून आणि अडकून. पातळ कारपेटमधलं डांबर रस्त्याला ताकद फारशी देत नाही. ते खडी जागेवर धरून ठेवतं आणि पाणी आत जाऊ देत नाही. म्हणून खालचं खडीकरण ढिलं झालेलं असताना वर पुन्हा कारपेट टाकलं, तर रस्ता उद्घाटनाच्या फोटोपुरता काळाभोर दिसतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आपल्या मूळ पदावर येतो.

ज्वारीला चांगली, रस्त्याला वाईट

मंगळवेढ्याची मालदांडी पाऊस सरता सरता पेरतात. पुढे पाऊस जवळजवळ नसतोच, तरी ती नुसत्या जमिनीतल्या ओलीवर कणसात येते. काळ्या रानाचा हा गुण शेतकऱ्याला प्यारा आहे. एकदा पाणी प्यायली की ही माती ते महिनोन्‌महिने सोडत नाही. रस्त्याखाली नेमका हाच गुण वैरी होतो.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याची रचना अतिशय बारीक पापुद्र्यांची. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं, पापुद्रे एकमेकांपासून दूर होतात आणि माती फुगते. वाळली की आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. रस्त्याखालची माती वेगळी नसते, फक्त तिच्या भेगा आपल्याला दिसत नाहीत.

ताकदीचाही प्रश्न आहे. रस्त्याची आखणी करताना माती साच्यात दाबून चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग तिच्यात एक दांडा रेटून ती किती विरोध करते ते मोजतात. या चाचणीला सीबीआर म्हणतात. उत्तम दाबलेल्या खडीचा विरोध १०० धरला, तर भिजलेली काळी माती जेमतेम २-३ भरते. रस्ते कसे बांधायचे याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमांप्रमाणे बऱ्यापैकी जड वाहतूक असलेल्या रस्त्याखालची जमीन ५ च्या खाली चालत नाही. म्हणजे काळ्या मातीवर सरळ खडी पसरून रस्ता करायचा, हे मुळात नियमातच बसत नाही. एक तर वरची अर्धा मीटर माती काढून तिथे चांगला मुरूम भरायचा, नाहीतर मातीत ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास चुना मिसळून ती बांधून घ्यायची. चुना मातीशी रासायनिक प्रक्रिया करतो आणि तिचं फुगणं बरंच कमी होतं. मुरूम घेतानाही बघून घ्यावा लागतो. हातात चोळल्यावर चिकटणारा, पिवळट मातकट मुरूम हा नावाचाच मुरूम. भिजला की तोही चिखलच करतो.

सोलापूरची गंमत अशी की सगळं शहर एकाच मातीवर वसलेलं नाही. माळावर कुदळ मारली की वीतभर खाली मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. ओढ्यानाल्याच्या काठी तीच कुदळ कमरेइतकी खोल गेली तरी काळीच माती निघते. त्यामुळे एकच रस्ता चढावर धडधाकट आणि उतरून ओढ्याजवळ गेला की खचलेला, असं दिसतं. ठेकेदार तोच, डांबर तेच, अंदाजपत्रकही तेच. खरं तर चूक तिथेच आहे, की अंदाजपत्रक तेच होतं. दोन मातींना दोन वेगळ्या जाडीचे रस्ते लागतात.

आणखी एक गोष्ट नजरेत ठेवण्यासारखी आहे. रस्त्याच्या मधोमध असलेली माती वरच्या डांबरामुळे झाकलेली असते, तिची ओल वर्षभर फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र उन्हाळ्यात वाळते आणि पावसात भिजते. कडा खाली-वर होत राहते, मध्य जागचा हलत नाही. मग कडेपासून हात-दोन हात अंतरावर, रस्त्याला समांतर अशी लांबच लांब भेग पडते. काळ्या मातीतल्या रस्त्याची ही ओळखखूण. साइडपट्टी नीट मुरमाची, दाबलेली आणि बाहेरच्या बाजूला उतरती असेल तर ही भेग उशिरा पडते.

मे महिना

पावसाआधी ऊन आपलं काम करून जातं. हवेचं तापमान ४२-४३ अंश असतं तेव्हा डांबराचा काळा पृष्ठभाग ६० च्या पुढे जातो. एवढ्या उष्णतेत डांबरातले हलके तेलकट घटक हळूहळू उडतात आणि उरलेल्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होत राहतो. वर्षागणिक डांबर कडक होत जातं. ताजी भाकरी हातात घडी होते आणि कडक भाकरी मात्र दुमडायला गेलं की तुटते, हा फरक सोलापूरकराला सांगायला नको. नवा रस्ता चाकाखाली केसभर वाकतो आणि परत वर येतो. जुना वाकत नाही, तडकतो.

म्हणून डांबराचा प्रकार महत्त्वाचा. भारतात डांबराची प्रत ६० अंशांना ते किती घट्ट राहतं यावरून ठरते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी व्हीजी-३० वापरतात, आणि जिथे उष्णता व जड वाहतूक दोन्ही आहे तिथे व्हीजी-४०. मऊ डांबर उन्हात चाकाखाली सरकतं, चाकोऱ्या पडतात आणि त्या चाकोऱ्यांत पुढे पाणी साचतं.

प्रतीपेक्षा मोठी गडबड होते ती दबाईत. प्लँटमधून मिश्रण १५० अंशांच्या वर तापलेलं निघतं. ते डंपरमधून ताडपत्री झाकून आणायचं, १४० च्या आसपास पसरायचं आणि शंभराच्या खाली उतरायच्या आत रोलर फिरवून संपवायचं, असा सगळा खेळ असतो. वाटेत ट्रॅफिकमध्ये डंपर अडकला, रोलरचा ड्रायव्हर जेवायला गेला, की मिश्रण गार होतं. गार मिश्रणावर रोलर कितीही फिरवा, आतल्या पोकळ्या मिटत नाहीत. चांगल्या दबाईनंतर थरात थोडी हवा उरावीच लागते, पण ती ८ टक्क्यांच्या वर गेली की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि वरून सपाट दिसणारा रस्ता आतून पाणी पाझरू देतो. तुमच्या गल्लीत डांबरीकरण चालू असेल तर एकच गोष्ट बघा. रोलर पेव्हरच्या, म्हणजे मिश्रण पसरणाऱ्या यंत्राच्या, मागे लगेच चालतोय का? पसरलेल्या मालातून वाफ निघायची थांबल्यावर रोलर आला, तर त्या रस्त्याचं आयुष्य तिथेच कमी झालं.

डांबरी रस्ता टिकतच नाही, असं म्हणणाऱ्यांना पुण्याचा जंगली महाराज रस्ता दाखवावा. सत्तरच्या दशकात एका खासगी कंपनीने दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी हमी देऊन तो डांबरातच केला, आणि पुढे कित्येक वर्षं तो त्या हमीच्याही पलीकडे टिकला.

भेगेपासून खड्ड्यापर्यंत

आता सगळी तयारी झाली. उन्हाने कडक झालेलं डांबर, खाली आकसलेली माती, वर केसाएवढी भेग. वळवाचा पहिला पाऊस येतो आणि पाणी भेगेत उतरतं.

ते नुसतं उतरून थांबलं असतं तर फार नुकसान झालं नसतं. पण वरून चाक जातं. पाणी दाबून आकसत नाही, त्यामुळे चाकाचा दाब भेगेतल्या पाण्यातून जसाच्या तसा आजूबाजूच्या खडीवर आदळतो. चाक पुढे सरकलं की मागे ओढ तयार होते, पाणी वर उसळतं आणि येताना बारीक कच आणि माती घेऊन येतं. पुढचं चाक येतं, पुन्हा तेच. वर्दळीच्या रस्त्यावर दिवसाला हे हजारो वेळा घडतं. पाऊस थांबून रस्ता वाळला की भेगेच्या दोन्ही बाजूंना मातकट डाग दिसतात. ते डाग म्हणजे खालचा थर वर येऊ लागल्याची खूण. खड्डा अजून पडलेला नसतो, पण खाली पोकळी सुरू झालेली असते.

त्याच वेळी दुसरी गोष्ट घडते. दगडाच्या पृष्ठभागाला डांबरापेक्षा पाणी जास्त जवळचं वाटतं. पाणी बराच काळ टेकून राहिलं तर ते डांबर आणि दगड यांच्या मध्ये शिरतं आणि डांबराचा पापुद्रा सोलून काढतं. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. ग्रॅनाइट किंवा गारगोटीच्या खडीपेक्षा आपल्या काळ्या पाषाणाला, म्हणजे बेसॉल्टला, डांबर जास्त घट्ट धरून राहतं. पण क्रशरवरून आलेली खडी धुळीने माखलेली असेल तर डांबर दगडाला चिकटतच नाही, धुळीला चिकटतं. धूळ पाण्यात सुटली की डांबरही सुटतं. मग नशीब काय कामाचं! यावर उपाय म्हणून मिश्रणात थोडा चुना किंवा चिकटपणा वाढवणारी रसायनं घालतात. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर टाकाऊ प्लास्टिकचा पातळ मुलामा देण्याची पद्धत काढली, तिचाही मुख्य फायदा हाच की पाण्याला दगडापर्यंत पोचता येत नाही.

एका भेगेच्या दोन होतात, मग त्या एकमेकींना छेदतात आणि डांबराचे हातभर, मग तळहाताएवढे तुकडे पडतात. खालची खडी धुऊन गेलेली, वरचा तुकडा अधांतरी. एक दिवस जड गाडीचं चाक त्यावर पडतं, तुकडा फुटतो आणि पुढच्या गाड्या त्याचे कण उडवून नेतात. लोक म्हणतात, एका रात्रीत खड्डा पडला. दिसला एका रात्रीत, पडत होता दोन वर्षं.

चर

माझ्या मते सोलापुरातल्या आतल्या रस्त्यांचा खरा शत्रू पाऊसही नाही आणि काळी मातीही नाही. तो आहे चर. पाण्याची नवी लाइन, ड्रेनेज, गॅस, केबल, आणि मग कुणाचं तरी नळकनेक्शन. खणायला हरकत नाही, शहर वाढतं तेव्हा खणावंच लागतं. प्रश्न बुजवण्याचा आहे.

चर खणताना वरचं डांबर, खडी, मुरूम आणि खालची काळी माती असं सगळं एकत्र ढिगात पडतं. काम झालं की तोच ढीग परत आत ढकलला जातो. वर जेसीबीचं बकेट चार वेळा आपटलं, थोडा उंचवटा ठेवला, ‘बसेल आपोआप’ म्हणून सोडून दिलं. बसतंच ते. मीटरभर खोल भरावातली नुसती ५ टक्के पोकळी बसली तरी वर ५ सेंटिमीटरचा खळगा पडतो. त्या खळग्यात पहिलं पाणी साचतं आणि तिथून चराच्या भिंतीलगत खाली उतरतं. दोन्ही बाजूंच्या शाबूत रस्त्याच्या खडीलाही मग बाजूने पाणी लागायला सुरुवात होते. म्हणजे चर फूट-दीड फूट रुंद, पण त्याने बाद केलेला रस्ता चांगला चार-पाच फुटांचा.

नीट बुजवायचं कसं, यात गुपित काही नाही. खणून निघालेली काळी माती परत घालायची नाही. मुरूम किंवा वाळू आणायची, १५-२० सेंटिमीटरचे थर घालायचे, प्रत्येक थर ओलसर करून धुमसाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबायचा. वरच्या खडीचा थर शेजारच्या रस्त्याइतकाच जाड हवा. शेवटी डांबर टाकण्याआधी चराच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त डांबर कटरने सरळ कापून काढायचं, म्हणजे नवा थर जुन्या, न हललेल्या जमिनीवर टेकतो आणि सांधा बरोबर चराच्या भिंतीवर येत नाही. सांध्यावर डांबर ओतून तो बंद करायचा. एवढं केलं तर चर कुठे होता हे दोन वर्षांनी शोधावं लागतं. पण खणणाऱ्याचं बिल पाइप किती मीटर टाकला यावर निघतं. बुजवण्याचे पैसे सहसा वेगळ्या खात्यात जमा होतात, वेगळ्या वेळी खर्च होतात, आणि मधल्या महिन्यांत पाऊस येऊन जातो.

पाण्याची लाइन हा चराचाच पुढचा अध्याय. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं आणि घरोघरी काही दिवसांआड सुटतं. नळी कधी रिकामी, कधी दाबाने भरलेली. या चढउताराने जुने सांधे सैल होतात आणि पाणी झिरपू लागतं. पाऊस नसताना, भर एप्रिलमध्ये एखादा खड्डा ओला दिसला तर तुमच्या भागात पाणी सुटायचा दिवस कोणता ते आठवा. पाणी सुटल्यावर खड्डा भरतो आणि नंतर आटतो, असं दिसलं तर तिथे खडी-डांबर टाकून काही उपयोग नाही. आधी गळती, मग रस्ता.

उसाची ट्रॉली

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवून एक प्रचंड प्रयोग झाला. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभर वापरतात. आसावरचा (अ‍ॅक्सलवरचा) भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, १६ पट होतं. म्हणजे नुकसान भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. आखणीत धरलेला ट्रकचा प्रमाण आस ८.२ टनांचा. कारच्या एका आसावर ६०० किलोच्या आसपास भार. चौथा घात काढून बघा, फरक तीस हजार पटींच्या वर जातो. दुचाकीवाला खड्डा पाडत नाही, तो फक्त त्यात पडतो.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ऐकायला सव्वा टन, पण नुकसानीच्या हिशेबात दीडपटीहून जास्त. आधीच बांधलेले रस्ते मात्र जुन्याच हिशेबाने बांधलेले होते.

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी. गाळपाचा हंगाम सुरू होतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. परतीच्या पावसाने रस्त्याखालची काळी माती नुकतीच भिजलेली असते, वर वर रस्ता वाळलेला दिसतो, आणि नेमक्या त्याच वेळी दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि ठासून भरलेले ट्रक रस्त्यावर उतरतात. त्यात ट्रॅक्टर हळू चालतो. हळू चालणारं चाक एका जागेवर जास्त वेळ भार देतं आणि डांबराला सरकायला जास्त अवधी मिळतो. त्यामुळे गावाकडच्या रस्त्यांचे सगळ्यात वाईट दिवस भर पावसात नसतात. दिवाळी ते संक्रांत, या काळात ते मोडतात.

खड्डा कुठे आहे ते बघा

खड्ड्याची जागाच बहुधा त्याचं कारण सांगते. गतिरोधकाच्या अलीकडे खड्डा असेल तर उतारावरून आलेलं पाणी तिथे अडलंय. पलीकडे असेल तर गाड्या त्यावरून आपटतायत. ड्रेनेजच्या झाकणाभोवती गोल खड्डा असेल तर झाकणाच्या चौकटीलगत रोलर पोचलेला नाही, तिथे हाताने धुमस करायला हवी होती. सिग्नलजवळ ब्रेकच्या ओढीने डांबराचा थर खालच्या थरावरून घसरतो, विशेषतः दोन थरांमध्ये चिकटवण्याचं डांबर नीट फवारलं नसेल तर. बसथांब्यावर आणि गॅरेजसमोर डिझेल-ऑइल सांडतं, त्यात डांबर विरघळतं. वॉशिंग सेंटर किंवा हॉटेलच्या दारात पावसाळा बाराही महिने असतो. तिथे रस्त्याला दोष देऊन काही होणार नाही, सांडपाणी गटारीत न्यावं लागेल.

कडेला ओळीने खड्डे दिसले तर उतार बघा. डांबरी रस्त्याला मध्यापासून दोन्हीकडे सुमारे अडीच टक्के उतार हवा. सात मीटर रुंद रस्त्यात याचा अर्थ मध्य कडेपेक्षा आठ-नऊ सेंटिमीटर उंच. बऱ्याच ठिकाणी रस्ता होतो, पण साइडपट्टीवर माती साठून ती रस्त्यापेक्षा उंच होते, गटार बांधलं जातं तेही रस्त्यापेक्षा चार बोटं वर. मग पाण्याने जायचं कुठे? उलट, रस्त्यावर रस्ता चढवत गेलं की घरं खाली जातात आणि लोक दारासमोर मातीचे बांध घालतात. तेही पाणी रस्त्यावरच. जुना थर खरवडून काढून मगच नवा टाकण्याची यंत्रं आता सर्रास मिळतात, ती शहरातल्या गल्ल्यांतही वापरायला हवीत.

भरायचा कसा आणि कधी

खड्डा भरण्याची एक योग्य रीत आहे. भोवतालचं सैल डांबर धरून, शाबूत भागापर्यंत चौकोन आखायचा. कडा उभ्या कापायच्या. आतला चिखल, सुटी खडी काढून तळ कोरडा करायचा. तळाला आणि चारही कडांना पातळ डांबर लावायचं. गरम मिश्रण थराथराने भरून प्रत्येक थर दाबायचा, आणि शेवटचा थर रस्त्यापेक्षा किंचित वर ठेवायचा, कारण गाड्या तो आणखी थोडा बसवतात. गोल, बशीसारख्या खड्ड्यात मिश्रण ओतून फावड्याने थोपटलं तर कडेचा थर कागदासारखा पातळ राहतो आणि तिथूनच तो उचकटतो.

भर पावसात गरम डांबर लावून फायदा नाही. ओल्या दगडाला ते धरत नाही. त्यासाठी थंडपणी वापरायचं तयार मिश्रण पोत्यांतून मिळतं. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ मध्ये त्याचे निकषही ठरवून दिले आहेत. मुरूम टाकणं म्हणजे एक दिवसाची सोय आणि दुसऱ्या दिवशीचा चिखल. पेव्हर ब्लॉक मुरमापेक्षा बरे, पण त्यांच्या फटींतून पाणी सरळ खाली जातं आणि आजूबाजूचं डांबर सुटत राहतं.

पण खड्डा भरण्यापेक्षा भेग भरणं कितीतरी स्वस्त, आणि सोलापूरला त्यासाठी वर्षात दोन चांगल्या संधी मिळतात. पहिली एप्रिल-मेची. भेगा पूर्ण उघडलेल्या असतात, सगळं कोरडं असतं, हवेने धूळ उडवून डांबर किंवा इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) ओतलं की ते खोलवर उतरतं. गटारी आणि मोऱ्यांमधला गाळही तेव्हाच काढायचा. दुसरी संधी जुलै-ऑगस्टच्या उघडिपीची. इथला मोठा पाऊस सप्टेंबरात येतो, त्यामुळे मृगाने उघड्या पाडलेल्या भेगा आणि बारके खड्डे बुजवायला मधे दोन-तीन आठवडे कोरडे मिळतात. मुंबई-कोकणाला ही सवलत नाही. आपल्याकडे मात्र दुरुस्तीच्या निविदा बहुतेक वेळा दिवाळीच्या तोंडावर निघतात, म्हणजे हस्ताचा पाऊस सगळं धुऊन गेल्यावर.

मग सगळे रस्ते काँक्रीटचेच करून टाकावेत का? काँक्रीटला पाण्याने सोलून काढता येत नाही, उन्हाने ते मऊ पडत नाही, आणि कडक फरशीसारखा स्लॅब भार बऱ्याच मोठ्या जागेवर पसरवतो. चौकांत, बसथांब्यांवर, बाजारपेठेत ते नक्कीच योग्य. पण खाली काळी माती तशीच ठेवली तर स्लॅब तिरपा होतो, सांध्यांतून पाणी उतरतं आणि कोपरे तुटतात. आणि एकदा का नळकनेक्शनसाठी ब्रेकर लावून स्लॅब फोडला, की तो पूर्वीसारखा जोडता येत नाही. त्यामुळे काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक घराचं नळ आणि ड्रेनेजचं कनेक्शन रस्त्याच्या कडेपर्यंत आणून ठेवावं लागतं, आणि ठरावीक अंतरावर रस्त्याखालून आडव्या रिकाम्या नळ्या टाकाव्या लागतात, म्हणजे उद्या कुणाला केबल किंवा पाइप न्यायचा असेल तर तो त्या नळीतून सरकवता येतो. गल्लीत काँक्रीटचं काम मंजूर झाल्याचं कळलं की आधी नकाशात या नळ्या दाखवल्यात का, ते विचारावं. काम सुरू झाल्यावर विचारून फायदा नसतो.